बैलाच्या खांद्याचे व कोपराचे विकार : ओळख आणि उपचार

ज्येष्ठाच्या वद्य पक्षात श्रीज्ञानेश्वरमहाराजांची पालखी पुणे शहरातील मुक्काम आटोपून हडपसरमार्गे सासवडकडे निघते. वाटेत दिवेघाट लागतो. सपाट रस्त्यावर एक बैलजोडी जो रथ ओढते, त्याच रथाला घाटाच्या पायथ्याशी आणखी बैलजोड्या जोडतात. लाखो वारकरी ते दृश्य भक्तिभावाने पाहतात. शेतकऱ्याने ते आणखी एका दृष्टीने पाहण्यासारखे आहे. चढ लागला म्हणून रथाचे वजन वाढत नाही, परंतु ओढ वाढते. आणि ती सर्व ओढ बैलाच्या मानेवरील वीतभर जागेतून जाते. ती जागा वाचवावयाची तर ओझे वाटून द्यावयास हवे, हे जाणत्या गाडीवानास कोणी शिकवावे लागत नाही.

शेतातील बैलाच्या वाट्यास मात्र इतकी काळजी येतेच असे नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस दीड-दोन महिने जवळजवळ बसून असलेला बैल मृगाचा पाऊस पडून वाफसा येताच एकदम दिवसभर कुळवाला व तिफणीला जुंपला जातो. कातडी नरम पडलेली, अंगाला घाम, वरून पावसाची भुरभुर. आणि जू मात्र गेल्या वर्षीचेच, उन्हाने तडकलेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मानेवर मुठीएवढी सूज दिसते व बैल जुवाखाली मान देत नाही. एक बैल बसला म्हणजे जोडी बसली. सावडीचा बैल मागावा, तर त्या आठवड्यात प्रत्येकाचीच पेरणी चालू असते. मग हाताशी असेल तो उपाय केला जातो. कोणी सुजेवर बिब्बा घालतो, कोणी तापल्या विळ्याने डाग देतो, तर कोणी फडके गुंडाळून बैल तसाच जुंपतो. आठ दिवसांच्या विश्रांतीने बरे होण्यासारखे दुखणे अशा उपायांनी सहा-सहा महिने रेंगाळते, आणि पुष्कळदा बैल जन्माचा अधू होतो.

हवेली तालुक्याच्या सपाटीवर ट्रॅक्टरने बैलाची जागा बहुतांशी घेतली आहे, हे खरे. तथापि मावळ-मुळशीतील भातखाचरांची चिखलणी, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरउतारावरील लहान तुकडे आणि साखर कारखान्यांना ऊस पोचविणाऱ्या गाड्या यांचे काम आजही पुष्कळ ठिकाणी बैलाच्याच मानेवर चालते.

खांदा कोणता, कोपर कोणते

बोलीत ज्यास बैलाचा खांदा म्हणतात, तो वास्तविक वशिंडाच्या पुढील मानेचा भाग होय. जू तेथे टेकते. शरीररचनेप्रमाणे खांद्याचा सांधा याहून बराच खाली, छातीच्या पुढील कोपऱ्यापाशी असतो; बैलासमोर उभे राहून पाहिले असता दोन्ही बाजूंस जी हाडाची टोके पुढे आलेली दिसतात, ती या सांध्याची जागा. कोपर त्याच्या मागे, बरगड्यांच्या तळाशी छातीला लागून असते. पुढच्या पायाच्या मध्यावर दिसणाऱ्या ज्या सांध्याला सर्वजण गुडघा म्हणतात, तो रचनेने बैलाचे मनगट आहे. ही नावे नीट कळली नाहीत तर औषध एकीकडे व दुखणे दुसरीकडे असा प्रकार होतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. माणसाला असते तसे गळपट्टीचे हाड बैलाला नसते. त्याचा पुढचा पाय धडाशी हाडाने जोडलेला नसून केवळ स्नायूंनी बांधलेला असतो. शरीराचा निम्म्याहून अधिक भार पुढच्या दोन पायांवर पडतो आणि तो हे स्नायू झोळीसारखे तोलून धरतात. म्हणून घसरणे, खड्ड्यात पाय जाणे, चिखलात रुतलेला पाय हिसडून काढणे अशा कारणांनी या भागास इजा लवकर होते.

लंगडणाऱ्या बैलाची तपासणी

बैल पुढच्या पायाने लंगडू लागला की पुष्कळ शेतकरी खांदा भरला असे म्हणून तेथे तेल चोळू लागतात. अनुभव मात्र असा आहे की, जनावराच्या लंगडण्याचे कारण बहुधा खुरात असते. म्हणून प्रथम पाय उचलून खूर धुवावे. खुरांच्या बेचक्यात काटा, खडा, खिळा किंवा जखम आहे काय, पत्रीचा खिळा जिवंत भागात गेला आहे काय, हे पाहावे. खूर बोटांनी दाबून किंवा हलके ठोकून पाहावे. तेथे काही न आढळल्यास मनगट, मग कोपर, मग खांदा असे वर जावे.

त्यानंतर बैलास मोकळ्या जागेत चालवावे. दुखरा पाय जमिनीवर टेकताना बैल डोके वर उचलतो व चांगला पाय टेकताना खाली आणतो. यावरून पाय कोणता ते ठरते. दुखणे खुरात असेल तर खडकाळ, टणक जमिनीवर लंगडणे वाढते. खांद्यात असेल तर मऊ, चिखलाच्या जमिनीत ते अधिक दिसते, कारण तेथे पाय उचलून पुढे टाकण्यास खांद्याचे स्नायू जास्त लागतात. अशा बैलाची टांग आखूड पडते, आणि तो पाय सरळ पुढे न आणता बाहेरून अर्धवर्तुळात फिरवून आणतो. शेवटी दोन्ही खांद्यांवर व कोपरांवर एकाच वेळी दोन हात ठेवून उष्णता, सूज व जाडी यांची तुलना करावी. एका बाजूस हात लावून अंदाज करण्यापेक्षा ही रीत अधिक खात्रीची आहे.

प्रथम फऱ्या नाही ना, याची खात्री करावी

खांद्याच्या सुजेविषयी लिहिताना या रोगाचा उल्लेख सर्वांत आधी करावयास हवा. कारण येथे चूक झाली तर जनावर दुसरा दिवस पाहत नाही. फऱ्या, ज्याला काही भागांत एकटांग्या असेही म्हणतात, हा जंतूंमुळे होणारा रोग पावसाळ्याच्या तोंडी व पावसाळ्यात उद्भवतो. सहा महिने ते दोन वर्षे वयाची धष्टपुष्ट जनावरे त्यास अधिक बळी पडतात, परंतु त्याहून थोडी मोठी जनावरेही सुटतातच असे नाही. ज्या गोऱ्ह्याला नुकते जुवाची सवय लावणे चालू असते, तो याच वयाच्या आसपासचा असतो. त्यामुळे तो लंगडू लागला व खांदा सुजला की, जुवाने खांदा भरला असा समज होणे अगदी स्वाभाविक असते. चोळण्या-शेकण्यात रात्र जाते आणि सकाळी गोऱ्हा मेलेला आढळतो.

दोहोंतील फरक ओळखणे कठीण नाही. जुवाच्या सुजेत जनावरास सहसा ताप नसतो. ते चारा खाते, रवंथ करते. फऱ्यात प्रारंभी जोराचा ताप असतो. निरोगी बैलाच्या शरीराचे उष्णतामान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. फऱ्यात ते ४१ अंशांवर जाते. जनावर चारा व रवंथ सोडते, सुस्त उभे राहते. सूज मानेवर जुवाच्या जागी नसून खांद्याच्या किंवा मागच्या फऱ्याच्या जाड मांसल भागात येते. आरंभी ती गरम व दुखरी असते. काही तासांतच मधला भाग थंड व बधिर होतो, आणि हाताने दाबल्यास आत वाळलेला पाला चुरगाळावा तसा चरचर आवाज येतो. हा आवाज आला की घरगुती उपचारात एक क्षणही घालवू नये. रोग अगदी आरंभी कळल्यास पेनिसिलीनच्या मोठ्या मात्रेने जनावर वाचू शकते. उशीर झाल्यास बारा ते अठ्ठेचाळीस तासांत ते दगावते.

मेलेल्या जनावराची कातडी काढू नये व ते उघड्यावर टाकू नये. पाण्याच्या जागेपासून दूर, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. या जंतूंची बीजे जमिनीत वर्षानुवर्षे टिकून राहतात. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी लस टोचून घेणे हा यावरील खरा उपाय आहे. फऱ्या व घटसर्प यांच्या लसी पुण्यातच, औंध येथील पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत तयार होतात.

लम्पी चर्मरोगाचा २०२२ साली राज्यात मोठा प्रादुर्भाव झाला, तेव्हाही मानेवरील व पायांवरील सूज पाहून प्रथम जुवावर दोष टाकला जाण्याचा संभव होता. त्या रोगात ताप येतो व अंगभर गाठी येतात. सूज केवळ जुवाखालच्या जागी राहत नाही.

खांदा सुजणे

जुवाने येणारी सूज हा कष्टाच्या बैलाचा सर्वांत जास्त आढळणारा विकार होय. तो कसा होतो हे थोड्या हिशोबाने समजते. बैल आपल्या वजनाच्या साधारण दशांशाइतकी ओढ बराच वेळ देऊ शकतो. ४०० किलो वजनाच्या बैलाची अशी ओढ ४० किलो झाली. जू मानेवर नीट बसले व ही ओढ २०० चौरस सेंटिमीटर जागेवर वाटली गेली, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २०० ग्रॅम भार येतो. पण जुवाची एक कडच टेकली आणि तीच ओढ २० चौरस सेंटिमीटरवर आली, तर भार दोन किलो होतो. एवढ्या दाबाने कातडीखालील बारीक रक्तवाहिन्या चेपतात, त्या जागेचे रक्त थांबते, आणि भरीस घासणे चालूच असते. बैल तोच, काम तेच. फरक केवळ लाकडाच्या कडेचा.

या विकाराच्या अवस्था निरनिराळ्या असून प्रत्येकीचा उपचार वेगळा आहे. एकीचा उपचार दुसरीस केल्यानेच पुष्कळ बैल बिघडतात.

पहिली अवस्था ताज्या सुजेची. काम सोडल्यावर काही तासांत मानेवर गरम, दुखरी, पसरट सूज येते. या वेळी जू ताबडतोब बंद करावे. हाच मुख्य उपचार आहे व बाकीचे सर्व त्यास पूरक आहे. पहिले चोवीस तास थंड पाण्याच्या घड्या वारंवार ठेवाव्यात. दुसऱ्या दिवसापासून सोसेल इतक्या गरम पाण्यात औषधांच्या दुकानात मिळणारे मॅग्नेशियम सल्फेट विरघळवून, त्यात फडके भिजवून दिवसातून दोन-तीन वेळा शेक द्यावा, किंवा तेच मीठ ग्लिसरीनमध्ये कालवून त्याचा जाड लेप लावावा. हे मीठ सुजेतील पाणी शोषून घेते. साधारणपणे आठ-दहा दिवसांत सूज ओसरते. या अवस्थेत चोळू मात्र नये.

पोळ्याच्या व बेंदराच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते, हळद व तूप लावून बैलाचे खांदे मळतात व दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आमंत्रण त्याच्या कानात देतात. निरोगी खांद्यास हे मर्दन उत्तम आहे, आणि वर्षातून एकदाच व्हावे असे त्यात काही नाही. परंतु ताज्या सुजेवर तेच मर्दन केले तर आतील चेपलेल्या रक्तवाहिन्या अधिक फाटतात.

वेदना फार असल्यास पशुवैद्यक वेदनाशामक सुई देतात. येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. डायक्लोफिनॅक हे औषध जनावरांसाठी वापरण्यास २००६ सालापासून बंदी आहे. कारण ते टोचलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणारी गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात, असे सिद्ध झाले. माणसासाठी मिळणारी सुई आणून ती बैलास टोचण्याचा प्रकार कोणी करू नये. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक व बैलालाही गुणकारी असे औषध उपलब्ध आहे.

दुसरी अवस्था पुवाची. सूज न ओसरता एका जागी उंच होते, मध्ये मऊ पडते व बोटाने दाबल्यास आत पाणी हलल्यासारखे वाटते. असे गळू घरच्या वस्तऱ्याने फोडू नये. सुजेत पू आहे, नुसते पाणी आहे की साकळलेले रक्त आहे, हे पशुवैद्यक प्रथम जाड सुईने पाहतात. कारण ताज्या रक्ताच्या सुजेस चीर दिली तर रक्तस्राव थांबविणे अवघड होते. गळू पिकल्यावर सर्वांत खालच्या बाजूस चीर देतात, म्हणजे पू आपोआप वाहून जातो. वरच्या बाजूस भोक पाडल्यास पू आतच साचतो आणि वरवर भरलेली जखम पुन्हापुन्हा फुटते. नंतर पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने किंवा पोव्हिडोन आयोडीनने जखम रोज धुवावी. पावसाळ्यात माशा बसून अळ्या पडतात. त्यासाठी टर्पेंटाइनचा बोळा ठेवून अळ्या चिमट्याने काढाव्यात. सीताफळाच्या पाल्याचा रस अळ्यांवर चालतो, परंतु तो बैलाच्या किंवा स्वतःच्या डोळ्यांत जाणार नाही याची फार खबरदारी घ्यावी लागते. मानेची जखम बैलाला चाटता येत नाही व शेपटीने माशाही वारता येत नाहीत. शिवाय कावळे टोचतात. म्हणून असा बैल दिवसा छपराखाली बांधावा.

तिसरी अवस्था गाठीची. वारंवार सूज येऊन तीच जुंपणी चालू ठेवली म्हणजे शरीर त्या जागी तंतुमय मांस वाढवू लागते. गाठ दगडासारखी घट्ट, थंड व न दुखणारी होते. शेतकऱ्यास वाटते की खांदा आता निबर झाला, काम देईल. वास्तविक जू त्या उंचवट्यावरच टेकू लागते, सर्व भार तेवढ्याच जागी येतो, आणि गाठ फुटून न भरणारा व्रण होतो. लेप, बिब्बा किंवा डाग यांनी ही गाठ विरघळत नाही. बिब्ब्याने कातडी भाजते व डागाने जळते. त्या जागी जो वण राहतो त्याची कातडी मूळच्यासारखी लवचीक कधीच होत नाही, व पुढील वर्षी जू प्रथम तेथेच काचते. शस्त्रक्रियेने गाठ काढणे हाच यावर उपाय आहे. जागा बधिर करून गाठ मुळासकट काढतात व टाके घालतात. यासाठी काम नसलेला काळ निवडावा. जखम पूर्ण भरून कातडी घट्ट होईपर्यंत किमान सहा आठवडे तरी बैल जुंपता येत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात सोय नसल्यास जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात, किंवा पुण्याहून सातारा रस्त्याने जवळ पडणाऱ्या शिरवळ येथील पशुवैद्यक महाविद्यालयाच्या रुग्णालयात बैल नेता येतो.

वशिंडावर न भरणारा, खाजणारा व खपली धरणारा व्रण असेल आणि जुवाचा तेथे संबंध नसेल, तर तो माशांमार्फत पसरणाऱ्या सूक्ष्म कृमींचा असू शकतो. त्याचे औषध निराळे आहे व ते तपासणीनंतरच ठरते.

खांद्याचा सांधा आणि नस

कधी कधी सूज काहीच दिसत नाही, पण बैल पाय टेकतो तेव्हा खांदा बाहेरच्या बाजूस फेकला जातो. आठ-पंधरा दिवसांत त्या बाजूचा फरा वाळू लागतो, स्नायू आटतात व फऱ्याच्या हाडावरील कणा कातडीखाली स्पष्ट दिसू लागतो. फऱ्याच्या पुढील कडेवरून जाणारी नस दुखावल्याचे हे लक्षण होय. जुवाचा हिसका, दुसऱ्या जनावराची धडक, दारातून दाटीने शिरताना बसलेला मार किंवा घसरून पाय मागे ताणला जाणे ही त्याची कारणे. शर्यतीच्या बैलांत अशी इजा होण्याचा धोका साहजिकच जास्त. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ सालच्या निकालाने बैलगाडा शर्यतींचा मार्ग मोकळा झाला असल्याने त्या बैलांच्या मालकांनी हे लक्षण विशेष ओळखून असावे.

पहिल्या दोन-तीन दिवसांत थंड पाणी, वेदनाशामक व संपूर्ण विश्रांती. त्यानंतर शेक, हलके मर्दन व पशुवैद्यकाकडून ब जीवनसत्त्वाच्या सुया, असा उपचाराचा क्रम असतो. नस नुसती चेपली असेल तर काही आठवड्यांत पाय सुधारतो. तुटली असेल तर स्नायू परत भरत नाहीत. सुधारणा होण्यास दोन-तीन महिनेही लागतात, आणि याच काळात धीर सुटून बैल विकला जातो.

कोपर

कोपराचे दोन विकार वारंवार आढळतात. त्यांपैकी एक दिसावयास भयंकर परंतु पुष्कळदा बरा होणारा, तर दुसरा किरकोळ परंतु चिवट असतो.

पहिल्यात कोपर खाली लोंबते. बैल मनगट व खूर पुढे टाकू शकत नाही, खुराचे टोक जमिनीवर घासत नेतो, आणि पाय मोडला असावा असे वाटते. वास्तविक हाड शाबूत असते. दंडाच्या हाडाला वळसा घालून जाणारी नस चेपलेली असते. याचे एक नेहमीचे कारण म्हणजे पत्री मारण्यासाठी बैल पाडून त्यास टणक जमिनीवर एका कुशीवर फार वेळ दाबून धरणे. बैल उठतो तो एक पाय ओढतच. म्हणून पत्री मारताना किंवा अन्य कारणाने बैल पाडावा लागल्यास वाळूवर किंवा गवताच्या जाड थरावर पाडावा, खांद्याखाली भरलेले पोते सरकवावे, आणि काम लवकर आटोपावे. दोरखंडाचा फेरा कोपराच्या वर आवळू नये. विकार झाल्यास बैलास मऊ जागी बांधावे, खुराच्या पुढील भागास घासून जखम होऊ नये म्हणून जाड फडके गुंडाळावे व पशुवैद्यकास बोलवावे. नुसत्या दाबाने आलेला असा लुळेपणा काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतो. मात्र पायास हात लावताच हाड हाडावर घासल्याचा आवाज आला, किंवा पाय भलत्याच दिशेस हलू लागला, तर ते हाड मोडल्याचे लक्षण समजावे. अशा बैलास चालवू नये.

दुसरा विकार म्हणजे कोपराच्या टोकावर येणारी गाठ. गोठ्याची फरशी दगडी किंवा सिमेंटची असते, अंथरूण नसते. बसता-उठता कोपराचे टोक जमिनीवर आदळते व तेथे पाण्याची पिशवी तयार होते. ती लिंबाएवढी असताना पुष्कळदा दुखत नाही व कामास अडथळाही करीत नाही. तशी असल्यास तिला फोडण्याच्या भरीस पडू नये; जंतू आत गेले तर साध्या गाठीचे गळू होते. भाताचा पेंढा, उसाचे पाचट किंवा वाळलेला पाला यांचा वीतभर जाड थर घालून तो कोरडा राखला की नवीन गाठ पुष्कळदा आपोआप कमी होते. फार वाढलेली किंवा पिकलेली गाठ पशुवैद्यकाकडून काढून घ्यावी.

वासराचे कोपर, मनगट किंवा अन्य सांधे जन्मानंतर लवकरच सुजून ताप आला तर ते जंतू नाळेतून शिरलेले असण्याचा संभव मोठा. जन्मतःच नाळेस आयोडीन लावल्याने हे टळते.

जू, ओझे आणि तास

खांद्याचे खरे औषध सुताराच्या हाती असते, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्तीचे होणार नाही. मृगाच्या आधी महिनाभर जू खाली काढून उलटे करून पाहावे. मानेस टेकणारा भाग रुंद, किंचित बाकदार व गुळगुळीत असावा. कडा गोल केलेल्या असाव्यात. चीर, गाठ किंवा वर आलेला खिळा असल्यास ते जू बदलावे. दोन्ही बाजूंचा घाट सारखा असावा व शिवळा मानेस काचणार नाहीत इतक्या अंतरावर असाव्यात. नुसती गोणपाटाची घडी ठेवणे हा उपाय सोईचा वाटतो. परंतु ती सरकते, घामाने भिजते, वाळून कडक होते व जुवापेक्षा जास्त काचते. काथ्या भरलेली कातडी किंवा जाड कापडी गादी जुवास पक्की बसवून ती रोज उन्हात वाळविणे चांगले. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने टेकण्याची जागा वाढवून सुधारलेली जुवे तयार केली आहेत. गावच्या सुतारानेही तोच नियम पाळला तरी काम भागते.

जोडीतील बैल उंचीने सारखे असावेत. नसतील तर गाडीचा भार ठेंगण्या बैलाच्या मानेवर जास्त येतो. नांगरताना एक बैल तासातून चालतो व त्यामुळे त्याची बाजू खाली जाते. म्हणून उंच बैल तासाच्या बाजूस जुंपावा, म्हणजे जू जवळजवळ समतल राहते.

गाडी भरताना ओझे कणाच्या मागेपुढे तोलून ठेवावे. भरलेली गाडी सपाटीवर उभी करून एका माणसाने जू उचलून पाहावे. ते बेताच्या जोराने उचलले गेले तर भरणी ठीक. दोघांना मिळून उचलेना, तर ओझे धुरेवर फार आले; आणि हात लावताच वर जाऊ लागले, तर गाडी उलाळ होऊन गळ्याखालील सापती बैलास फास लावील. टायरची गाडी हलकी चालते हे तिचे मोठेच सुख. पण ती हलकी चालते म्हणून तिच्यावर ऊस अधिक रचला जातो, व रस्त्यावरील गतिरोधकावर चढता-उतरता त्या सर्व वजनाचा दणका मानेस बसतो.

या बाबतीत कायदाही आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० सालच्या अधिनियमाप्रमाणे जखमी किंवा आजारामुळे कामास अयोग्य अशा जनावरास कामास लावणे हा गुन्हा आहे. ओढकामाच्या जनावरांसंबंधी १९६५ साली झालेल्या नियमांनुसार वाहन ओढण्याचे काम दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त व सलग पाच तासांपेक्षा जास्त घेता येत नाही. उष्णतामान ३७ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन या वेळेत गाडीस जुंपता येत नाही. एक किलोमीटर किंवा अधिक लांबीचा आणि तीस मीटरला तीन मीटरहून जास्त असा चढ असेल, तर नेहमीच्या कमाल ओझ्याच्या निम्मेच ओझे नेता येते. म्हणजे घाटात बैल वाढवावेत किंवा ओझे कमी करावे, हा गाडीवानांचा जुना शहाणपणाच नियमात आलेला आहे.

पुन्हा जुंपताना

उन्हाळ्यात बसलेल्या बैलाला मृगाच्या आधी दोन-तीन आठवडे सकाळी तासभर हलक्या कुळवास जुंपावे व वेळ हळूहळू वाढवीत न्यावी. तळहाताच्या कातडीस घट्टे पडतात तशी मानेची कातडी त्यामुळे सावकाश घट्ट होते. दुखण्यातून उठलेल्या बैलासही हाच क्रम लावावा: पहिले तीन दिवस केवळ रिकामे जू, अर्धा तास, नंतर हलके औत एक तास, सूज न आल्यास आठवड्याने दोन वेळांत मिळून चार तास. जू सोडल्यावर घाम व माती धुऊन मान कोरडी पुसावी. दुसऱ्या दिवशी जू ठेवण्यापूर्वी त्या जागेवर उलटा हात फिरवून पाहावा, कारण तळहातापेक्षा हाताच्या पाठीस ऊब लवकर कळते. जागा गरम लागली किंवा बैलाने मान झटकली, तर त्या दिवशी त्यास जुंपू नये व पहिल्या दिवसापासून पुन्हा आरंभ करावा. रात्री-अपरात्री अडचण आल्यास, विशेषतः तापासह खांद्याची सूज असल्यास, १९६२ या निःशुल्क क्रमांकावर फोन करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करावी व जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे.